स्टूल टेस्ट की कोलोनोस्कोपी, हा वादच चुकीच्या प्रश्नावर चाललाय

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी घरच्या घरी शौचाचा नमुना घेऊन करायची टेस्ट हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतात कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बिणीची नळी घालून मोठं आतडं आतून बघणं, हीच खरी तपासणी, बाकी सगळं मनाचं समाधान. दुसरे म्हणतात आता घरी किट आलं, नळी घालून घ्यायची कटकट संपली. दोघंही ठामपणे बोलतात, दोघंही आकडे देतात आणि बऱ्याचदा ते आकडे खरेही असतात. चुकलेला असतो तो प्रश्न. एका माणसाच्या एका दिवशीच्या तपासणीत जास्त काय पकडतं एवढंच विचारलं तर कोलोनोस्कोपी जिंकणार, त्यात वाद घालण्यासारखं काहीच नाही. पण स्क्रीनिंग म्हणजे एका माणसाची एका दिवसाची तपासणी नसते, काहीही त्रास होत नसलेल्या लाखो लोकांनी वर्षानुवर्षं करत राहायची ती गोष्ट असते, आणि तिथे हिशोब वेगळा लागतो. म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. ज्यांची जोखीम सर्वसाधारण आहे आणि ज्यांना कसलंही लक्षण नाही त्यांना डॉक्टरांनी ही टेस्ट कोलोनोस्कोपीच्या बरोबरीचा पर्याय म्हणून सांगायला पाहिजे, 'ते जमत नसेल तर निदान हे तरी करा' अशा सुरात नाही. आणि त्याच दमात दुसरं, की रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यावर कोलोनोस्कोपी होणारच याची सोय लावलेली नसेल तर ते किट कोणाच्या हातात देऊच नये.

आधी आजाराबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. २०२२ साली जगभरात या कॅन्सरचे साधारण १९ लाख नवे पेशंट सापडले आणि ९ लाखांच्या आसपास माणसं दगावली, कॅन्सरच्या मृत्यूंमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरनंतर याचाच नंबर लागतो. आणि तरी हा असा आजार आहे की जो वेळ देतो. आतड्याच्या अस्तरावर एक छोटा कोंब येतो, त्याला पॉलिप म्हणतात, बहुतेक पॉलिप जन्मभर काहीच करत नाहीत, काही वाढतात, आणि त्यातल्या थोड्यांचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं किंवा त्याहूनही जास्त काळ जातो. एवढ्या काळात तो कोंब काढला तर कॅन्सर होतच नाही. कॅन्सर झालाच पण आतड्यापुरता असताना सापडला तर अमेरिकेतल्या आकड्यांप्रमाणे शंभरातले नव्वद जण पाच वर्षांनी जिवंत असतात, लांबच्या अवयवांत पसरल्यावर सापडला तर पंधराच्या आसपास. नव्वद आणि पंधरा! बहुतेक वेळा फरक कशाचा, तर कधी सापडला याचा. एवढा अवधी देणारा आजार असूनही इतकी माणसं जात असतील तर आपली अडचण यंत्रांची आहे की माणसं तपासणीपर्यंत पोचतच नाहीत याची आहे?

आता टेस्ट. जुनी पद्धत होती ग्वायकची, एका झाडाच्या राळेचा लेप दिलेला कागद, त्यावर शौचाचा नमुना लावायचा, रसायन टाकलं की रक्तातल्या हीममुळे, म्हणजे हिमोग्लोबिनच्या लोह असलेल्या भागामुळे, निळा रंग येतो. पण हीम लाल मांसातही असतं, त्यामुळे खाण्याची पथ्यं पाळायची, क जीवनसत्त्व जास्त घेतलं तर उलट खरं रक्त असूनही रंग येत नाही, आणि वर तीन वेगवेगळ्या दिवसांच्या शौचातून दोन-दोन असे सहा नमुने. आताची जी फिट नावाची टेस्ट आहे ती अँटिबॉडी वापरून फक्त माणसाच्या रक्तातलं ग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिनमधलं प्रथिन, शोधते. जठरातून किंवा वरच्या आतड्यातून रक्त आलं तर त्यातलं ग्लोबिन वाटेतच पचून जातं, म्हणून ही टेस्ट पॉझिटिव्ह आली तर रक्त बहुतेक मोठ्या आतड्यातलंच असतं. पथ्य नाही, नमुना एकच, छोटी काडी शौचात टोचायची, बाटलीत घालायची आणि लॅबला पाठवायची. हे सोपं होणं नुसतं सोयीचं नाही. इंग्लंडमध्ये जुन्या टेस्टच्या जागी फिट देऊन बघितली तेव्हा टेस्ट करणाऱ्यांचं प्रमाण ५९ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलं आणि २०१९ पासून तिथे फिटच वापरतात. नवं औषध नाही, नवी शस्त्रक्रिया नाही, सहाऐवजी एक नमुना मागितला एवढ्यावर शंभरात सात माणसं वाढली.

विरोधकांचा सगळ्यात दमदार मुद्दा आहे की ही टेस्ट चुकवते, आणि तो पूर्ण मान्य करायला पाहिजे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात जवळपास दहा हजार लोकांची स्टूल टेस्टही केली आणि कोलोनोस्कोपीही केली. एका फिटने कॅन्सर असलेल्या शंभरातले ७४ पकडले, म्हणजे २६ जणांना 'निगेटिव्ह' असा रिपोर्ट मिळाला असता. कॅन्सरच्या आधीच्या धोकादायक पॉलिपच्या बाबतीत तर शंभरातले २४ फक्त. कारण उघड आहे, पॉलिप रोज रक्त गाळत बसत नाही, कधी गळतो कधी नाही, आणि काही चपट्या प्रकारचे पॉलिप असतात ते तर जवळजवळ रक्त सोडतच नाहीत. कोलोनोस्कोपीत डॉक्टर पॉलिप बघतात आणि तिथल्या तिथे काढूनही टाकतात, म्हणजे तपासणी आणि इलाज एकाच खेपेत. ही ताकद स्टूल टेस्टमध्ये नाही, आणि जो कोणी किट विकताना हे लपवतो तो लोकांना फसवतोय.

पण ७४ हा आकडा एका वेळचा आहे आणि ही टेस्ट एका वेळची नाहीच मुळी. कोलोनोस्कोपी दहा वर्षांतून एकदा, फिट दर वर्षी किंवा दर दोन वर्षांनी. पॉलिपला वाढायला दहा वर्षं लागत असतील तर त्या दहा वर्षांत तो पाच ते दहा वेळा या टेस्टसमोर येणार आहे, आणि जसजसा मोठा होणार तसतशी त्यातून रक्त येण्याची शक्यताही वाढणार आहे. असंच काहीसं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बाबतीत झालं होतं. १९४० च्या दशकात पॅपनिकोलाऊ यांनी पुढे आणलेला पॅप स्मिअर हा काही फार तल्लख टेस्ट नव्हता, नंतरच्या अभ्यासांमध्ये एका स्मिअरची पकड निम्म्याच्या जरा वर एवढीच निघाली. तरीही जिथे बायकांनी तो ठराविक वर्षांनी नियमित करून घेतला तिथे त्या कॅन्सरचे मृत्यू काही दशकांत निम्म्याच्याही खूप खाली आले. एका खेपेला अर्धे चुकवणाऱ्या टेस्टने हे कसं केलं? परत परत करून. त्या काळी कोणी 'अर्धे चुकतात, बंद करा' असं म्हणून तो थांबवला असता तर किती बायका गेल्या असत्या याचा विचार करून बघा.

आणि शौचाच्या टेस्टबाबत तर आपल्याकडे नुसता तर्क नाहीये, प्रयोग आहेत. अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये १९७० च्या दशकात ४६,५५१ लोकांवर चाचणी सुरू झाली, तीही जुन्या, फिटपेक्षा कमकुवत ग्वायक टेस्टची. १९९३ मध्ये निकाल आले तेव्हा दर वर्षी टेस्ट करणाऱ्या गटात आतड्याच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी होते. तीस वर्षांनी पुन्हा हिशोब केला तरी ३२ टक्के. यावर एक हुशार आक्षेप घेतला गेला होता तो सांगायलाच पाहिजे. त्या चाचणीत नमुने पाण्याने ओले करून तपासत होते, त्यामुळे उगाचच खूप जण पॉझिटिव्ह यायचे, इतक्या लोकांची कोलोनोस्कोपी झाली की काही कॅन्सर निव्वळ योगायोगाने सापडले असणार, टेस्टचं श्रेय काय त्यात? आक्षेप बरोबर आहे, काही प्रमाणात तसं झालंही असेल. पण १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम आणि डेन्मार्कमधल्या फ्युनेन या दोन चाचण्यांचे निकाल आले, तिथे नमुने ओले करत नव्हते, टेस्टही दोन वर्षांतून एकदा, आणि तरी मृत्यू १५ आणि १८ टक्क्यांनी कमी झाले. योगायोग दोन देशांत एकाच दिशेला जात नसतो.

आता येऊ ज्या मुद्द्यावर वादात कोणी थांबतच नाही त्याच्यावर, म्हणजे किती जण येतात. २०२२ मध्ये नॉर्डिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चाचणीचे निकाल आले, पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधले ८४,५८५ लोक. एका गटाला कोलोनोस्कोपीचं बोलावणं पाठवलं, दुसऱ्याला नाही. बोलावणं गेलेल्यांपैकी ४२ टक्केच आले. दहा वर्षांनी बोलावलेल्या सगळ्या गटात कॅन्सरचं प्रमाण १८ टक्क्यांनी कमी झालं, पण मृत्यूंमध्ये ठोस म्हणता येईल असा फरक दिसला नाही. त्यावरून लगेच 'कोलोनोस्कोपी निरुपयोगी' अशा बातम्या फिरल्या, त्या चुकीच्या होत्या, कारण प्रत्यक्ष कोलोनोस्कोपी करून घेणाऱ्यांचा वेगळा हिशोब केला तर मृत्यू जवळपास निम्मे होतील असा अंदाज निघत होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, जो येतो त्याला फायदा मोठा, पण निम्म्याहून जास्त येतच नाहीत. त्यांना दोष देऊन काय होणार आहे? आदल्या दिवशी जुलाबाचं औषध पिऊन पोट रिकामं करायचं, रात्रभर संडासात खेपा, दुसऱ्या दिवशी कामावर सुट्टी, भूल दिली तर घरी न्यायला कोणीतरी सोबत पाहिजे, आणि हे सगळं काहीही दुखत नसताना. ज्याचं पोट रोजंदारीवर आहे किंवा ज्याला घरात म्हाताऱ्या माणसाला सोडून जाता येत नाही त्याला 'गोल्ड स्टँडर्ड' हा शब्द ऐकवून तो येणार नाहीये.

एक साधा हिशोब मांडतो, आकडे गृहीत धरलेले आहेत पण वास्तवापासून फार लांबचे नाहीत. दहा हजार लोक घ्या, त्यात ५० जणांना कॅन्सर आहे आणि कोणालाच माहीत नाही. कोलोनोस्कोपीला ४० टक्के आले तर त्या ५० पैकी २० जण आत आले, शंभरातले ९५ पकडले असं धरलं तर १९ सापडले. स्टूल टेस्ट ६० टक्क्यांनी केली तर ५० पैकी ३० जणांनी केली, त्यातले ७४ टक्के म्हणजे २२ पॉझिटिव्ह आले, आणि त्यातले ८० टक्के पुढे कोलोनोस्कोपीला गेले तर साधारण १८ सापडले. १९ आणि १८. पहिल्याच फेरीत 'दुय्यम' टेस्ट जवळपास बरोबरीला आली, आणि पुढच्या वर्षी किंवा त्याच्या पुढच्या वर्षी तिची दुसरी फेरी आहे, जे निसटले त्यांना परत संधी आहे. पॉलिप आधीच काढण्यात कोलोनोस्कोपी पुढेच राहणार हे मी वर मान्य केलंच आहे. पण या हिशोबात अजून एक गोष्ट दिसते, आणि ती स्टूल टेस्टच्या बाजूने बोलणाऱ्यांना आवडत नाही. ते ८० टक्के ५० वर आणा, म्हणजे पॉझिटिव्ह आलेले निम्मेच पुढे गेले असं धरा. १८ चे ११ होतात. सगळं घोडं तिथे अडतं, त्यावर पुढे येतोच.

हा हिशोब कागदावरचा आहे म्हणणाऱ्यांसाठी स्पेनमधली चाचणी आहे. ५७,४०४ लोक, एका गटाला एकदा कोलोनोस्कोपीचं बोलावणं, दुसऱ्याला दर दोन वर्षांनी फिट. २०२५ मध्ये दहा वर्षांचे निकाल आले: आतड्याच्या कॅन्सरने मृत्यू कोलोनोस्कोपी गटात ०.२२ टक्के, फिट गटात ०.२४ टक्के, म्हणजे फिट कमी पडली असं म्हणता येत नाही. तपासणी करून घेणारे कोलोनोस्कोपीत ३२ टक्क्यांच्या आसपास, फिटमध्ये ४० च्या. दोन्हीकडे येणाऱ्यांचं प्रमाण कमीच होतं, त्यामुळे 'दोन्ही टेस्ट सारख्याच' असा निष्कर्ष काढायचा नाही, निष्कर्ष एवढाच की खऱ्या जगात, खऱ्या कंटाळ्यासकट आणि भीतीसकट, दोन्ही रस्ते जवळपास एकाच ठिकाणी पोचवतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या एका प्रयोगात तर सरळ विचारण्याची पद्धतच बदलून बघितली होती. ज्यांना फक्त कोलोनोस्कोपी सुचवली त्यातल्या ३८ टक्क्यांनी ती केली, ज्यांना स्टूल टेस्ट सुचवली त्यातल्या ६७ टक्क्यांनी ती केली, आणि ज्यांना दोन्ही सांगून निवडायला दिलं त्यातल्या ६९ टक्क्यांनी काही ना काही केलं. डॉक्टर फक्त कोलोनोस्कोपीचंच नाव घेतात तेव्हा समोरचे कित्येक जण तपासणीविनाच घरी जात असतात, आणि हे नुकसान कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही.

अजून एक, ज्याला आपण गोल्ड स्टँडर्ड म्हणतो ते सोनं सगळीकडे सारख्या कसाचं नसतं. २०१४ च्या एका अभ्यासात १३६ पोटविकारतज्ज्ञांची कामगिरी तपासली. कोलोनोस्कोपी केलेल्या किती पेशंटमध्ये त्यांना अडेनोमा म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणारा पॉलिप सापडतो, तर कोणाला ७.४ टक्क्यांत, कोणाला ५२.५ टक्क्यांत. इतका फरक! आणि हे प्रमाण एका टक्क्याने वाढलं की पेशंटला नंतर कॅन्सर होण्याची शक्यता ३ टक्क्यांनी घटते असंही त्यात दिसलं. म्हणजे स्टूल टेस्टची तुलना करताना आपण सगळ्यात चांगल्या हाताने, पूर्ण साफ झालेल्या पोटात केलेली कोलोनोस्कोपी डोळ्यासमोर ठेवतो, आणि माणसाला प्रत्यक्षात मिळते ती कुठलीही मिळू शकते. शिवाय आतड्याला छिद्र पडणं, रक्तस्राव होणं हे धोके आहेत, छोटे आहेत, छिद्राचा तर दहा हजारांत साधारण तीन एवढाच, पण ठणठणीत माणसांवर करायच्या गोष्टीत छोटा धोकाही मोजायला लागतो.

हे सगळं वाचताना मला सारखं १९७१ सालचं पश्चिम बंगालमधलं बनगाव आठवतं. बांगलादेश युद्धाच्या वेळी निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायच्या सलाइनचा साठा संपत आला, आणि डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात घालून ते तोंडाने पाजायला सुरुवात केली, पाजणारे कोण तर बरेचदा पेशंटचे नातेवाईक. त्या काळी कॉलऱ्याचा खरा उपाय म्हणजे शिरेतलं सलाइन, प्रशिक्षित माणसाने सुई लावून दिलेलं, बाकी सगळं कामचलाऊ असंच मोठमोठ्या डॉक्टरांचं मत होतं, आणि घरच्या माणसांना हे जमेल यावर कोणाचा विश्वास नव्हता. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्याही खाली आलं. अत्यवस्थ पेशंटला सलाइन तेव्हाही लागत होतं आणि आजही लागतं, ओआरएसने ते रद्द केलं नाही. ज्यांच्यापर्यंत सुई पोचू शकत नव्हती त्यांच्यापर्यंत उपाय पोचला, आणि सुई खरी गरज असलेल्यांसाठी उरली. स्टूल टेस्ट कोलोनोस्कोपीच्या बाबतीत नेमकं हेच करते, शंभर जणांतले साधारण पाच-सहा पॉझिटिव्ह येतात, आणि ज्यांच्या आतड्यात काहीतरी असण्याची शक्यता जास्त त्यांच्याकडे दुर्बीण आधी जाते. कुशल हात थोडे आहेत, ते कोणासाठी वापरायचे हा प्रश्न कोणालाही टाळता येणार नाही.

खोट्या पॉझिटिव्हचा आक्षेपही नेहमी येतो. येणार की, मूळव्याधीचं रक्तही टेस्टला रक्तच दिसतं. फिट पॉझिटिव्ह आलेल्या शंभर जणांत कॅन्सर निघतो तो दहाहून कमी जणांना, बाकीच्यांना काही दिवस पोटात गोळा घेऊन काढावे लागतात आणि मी ते क्षुल्लक मानत नाही. पण या लोकांना शेवटी काय करावं लागलं? कोलोनोस्कोपीच, जी विरोधकांच्या मते सगळ्यांनीच करायला हवी होती. आणि त्यात बऱ्याच जणांचे पॉलिप निघतात, ते काही वाया गेलेले कष्ट नाहीत. हा आक्षेप मला जास्त पटतो तो डीएनए वाल्या टेस्टबाबत, कोलोगार्ड नावाची जी टेस्ट अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झाली ती रक्ताबरोबर कॅन्सरच्या पेशींमधले जनुकीय बदलही शोधते. ती वर सांगितलेल्या दहा हजार लोकांच्या अभ्यासात शंभरातले ९२ कॅन्सर पकडत होती, फिटपेक्षा बऱ्यापैकी जास्त, पण निरोगी माणसांतल्या १३ टक्क्यांना उगाच पॉझिटिव्ह दाखवत होती, फिट फक्त ५ टक्क्यांना. जास्त पकडणारी ती जास्त चांगली असं सरळ गणित नाही, आणि स्वस्त फिट दर वर्षी नियमाने करणं मला तरी जास्त भरवशाचं वाटतं.

निगेटिव्ह रिपोर्टमुळे माणूस बेफिकीर होतो, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. शौचातून डोळ्यांना दिसेल असं रक्त जातंय, पोट साफ होण्याची सवय काही आठवडे बदललेली आहे, वजन उतरतंय, रक्त कमी झालंय आणि कारण सापडत नाही, अशा माणसाने घरी स्क्रीनिंगचं किट करून 'निगेटिव्ह आलं' म्हणून शांत बसणं धोक्याचं आहे. त्याने डॉक्टरांकडेच जायचं. आई-वडील किंवा भावंडांत कोणाला हा कॅन्सर झालाय, आधी पॉलिप काढलेत, आतड्याला सूज येण्याचा जुना आजार आहे, लिंच सिंड्रोमसारखा आनुवंशिक प्रकार घरात आहे, त्यांच्यासाठी ही टेस्ट नाही, कोलोनोस्कोपीच. वयाचाही प्रश्न आहे, अमेरिकेत २०२१ मध्ये स्क्रीनिंग सुरू करायचं वय ५० वरून ४५ केलं कारण तरुणांमध्ये हा आजार वाढताना दिसतोय, आणि अभिनेता चॅडविक बोजमन २०२० मध्ये गेला तेव्हा ४३ वर्षांचा होता, म्हणजे नव्या नियमातही तो बसला नसता. 'तरुण आहे, मूळव्याध असेल' असं म्हणून लक्षणं झटकून टाकणं कुठल्याही टेस्टने भरून निघत नाही. पण यात टेस्टचा दोष किती? ती कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही हे किटवर पहिल्या ओळीत, मोठ्या अक्षरात लिहिता येतं. लिहीत नसतील तर लिहायला भाग पाडलं पाहिजे.

आता तो मगाशी सोडलेला धागा, पॉझिटिव्ह आलेले पुढे कोलोनोस्कोपीला जातात का याचा. १९८५ च्या मार्चमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या तपासणीत शौचात रक्ताचा अंश सापडला होता. पूर्ण कोलोनोस्कोपी झाली जुलैमध्ये, आणि मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, ते बरे झाले आणि पुढे बरीच वर्षं जगले. पण ज्या माणसाभोवती जगातली सगळी वैद्यकीय सोय उभी होती त्यालाही पॉझिटिव्ह रिपोर्टपासून दुर्बिणीपर्यंत जायला चार महिने लागले, मग बाकीच्यांचं काय होत असेल? सत्तर हजार पॉझिटिव्ह लोकांच्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की दहा महिन्यांच्या पुढे उशीर झाला की कॅन्सर आणि तोही पुढच्या टप्प्यातला सापडण्याचं प्रमाण वाढतं, वर्ष उलटलं की दुपटीवर जातं. इटलीतल्या व्हेनेटो भागात पॉझिटिव्ह येऊनही कोलोनोस्कोपी न केलेल्यांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू, करणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट होते. आणि लोक काय करतात, तर 'परत एकदा स्टूल टेस्ट करून बघू'. दुसरी निगेटिव्ह आली की सुटकेचा निःश्वास. हे अजिबात करू नका! रक्त अधूनमधून येतं म्हणूनच तर ही टेस्ट परत परत करायची असते, दुसऱ्या दिवशी रक्त दिसलं नाही याचा अर्थ पहिल्या दिवशीचं रक्त खोटं होतं असा होत नाही.

हे नीट करता येतं. उत्तर कॅलिफोर्नियातल्या कैसर पर्मनेंटे या संस्थेने आपल्या सभासदांना दर वर्षी पोस्टाने फिट पाठवायला सुरुवात केली, न करणाऱ्यांना आठवण, पॉझिटिव्ह आलेल्यांचा पाठपुरावा, आणि ज्यांना थेट कोलोनोस्कोपी हवी त्यांना ती. २००० मध्ये तपासणी झालेल्यांचं प्रमाण ३९ टक्के होतं, २०१५ पर्यंत ८३ टक्क्यांच्या आसपास गेलं आणि आतड्याच्या कॅन्सरचा मृत्यूदर निम्म्याहून खाली आला. यातलं सगळं श्रेय काडी-बाटलीचं नाही, उपचारही सुधारले होते. पण तिथे किट हा एका साखळीचा पहिला दुवा होता. नुसतं किट दुकानात ठेवून किंवा ऑनलाइन विकून, वर 'घरबसल्या कॅन्सर तपासा' असं लिहून, रिपोर्ट आल्यावर माणसाला एकटं सोडून देणारा धंदा याच्याशी नातं सांगू शकत नाही. त्या धंद्यावर कोलोनोस्कोपीवाले तुटून पडतात तेव्हा ते बरोबर असतात, फक्त ते त्यासाठी टेस्टलाच धरून झोडतात.

त्यामुळे माझी मागणी दोन्ही बाजूंकडे आहे. डॉक्टरांनी दोन्ही पर्याय सारख्याच गांभीर्याने सांगावेत आणि फिट निवडणाऱ्याला त्याच वेळी स्पष्ट विचारावं, पॉझिटिव्ह आली तर कोलोनोस्कोपी करणार ना? तयारी नसेल तर आधी त्यावर बोला, कसली भीती आहे, पैशाची की भुलेची की लाज वाटतेय, आणि मग किट द्या. पैशाच्या बाबतीत अमेरिकेत विमा कंपन्यांचं बराच काळ असं चालायचं की स्टूल टेस्ट फुकट, पण पॉझिटिव्हनंतरची कोलोनोस्कोपी 'निदानासाठी' म्हणून तिचं बिल पेशंटच्या माथी, २०२२ मध्ये खाजगी विम्यासाठी आणि २०२३ पासून मेडिकेअर या सरकारी विमा योजनेत ही दुसरी पायरीही स्क्रीनिंगचाच भाग धरायचं ठरलं. हा नियम जिथे जिथे ही टेस्ट दिली जाते तिथे पहिल्या दिवसापासून असायला हवा, कारण पहिली पायरी फुकट आणि दुसरी न परवडणारी असेल तर माणूस मधेच अडकतो. किट पाठवणाऱ्याने ज्या यादीवरून किट गेली तीच यादी रिपोर्ट आल्यावरही उघडी ठेवली पाहिजे, पॉझिटिव्ह रिपोर्टच्या कागदावर 'डॉक्टरांचा सल्ला घ्यावा' एवढंच छापून भागणार नाही, कोलोनोस्कोपी कुठे होईल, कोण करेल, साधारण किती आठवड्यांत आणि खर्च कोणाचा हे त्याच कागदावर असावं, आणि महिन्याभरात माणूस गेला नाही तर त्याला फोन करणं हे कोणाचं तरी ठरलेलं काम असावं.